शितावरून भाताची परीक्षा

भात शिजला की नाही हे पाहायला आपल्या आया सगळे पातेले चिवडीत बसत नाहीत. एक शीत बोटांत चेपून पाहतात आणि निकाल देतात. स्वयंपाकघरातली ही परीक्षा सहसा चुकत नाही. पण ती का चुकत नाही, याचा विचार आपण करीत नाही. पातेले एक, तांदूळ एक, पाणी एक आणि जाळही एकच. म्हणून एका शिताला साऱ्या भाताची साक्ष देण्याचा अधिकार. देशाचे तसे नाही. देश म्हणजे एका चुलीवरचे पातेले नव्हे. शंभर चुलींवर रांधलेल्या अन्नाची ती एक पंगत आहे. तरीही एका प्रांताचे शीत चेपून ‘हीच पाहा भारतीय संस्कृती’ असे बजावणारे वक्ते आपल्याला जागोजागी भेटतात. त्यांच्याशी माझे भांडण आहे. सणासुदीला भांडू नये हे मला ठाऊक आहे. पण मिठाईच्या ताटात चिवडाही लागतोच.

सणाचेच उदाहरण घ्या. उत्तरेत राम अयोध्येला परतला म्हणून दिवे लागतात. आपण नरकासुराच्या वधासाठी पहाटे अभ्यंगस्नान करतो आणि आपली मुले अंगणात मातीचे किल्ले रचतात. गोव्यात त्याच पहाटे नरकासुराच्या प्रतिमा जाळतात आणि मग घरोघर पोह्यांचे नाना प्रकार होतात. बंगालमध्ये त्या अमावास्येला कालीपूजा. जैनांना तो महावीरांच्या निर्वाणाचा दिवस. शिखांना गुरू हरगोविंदांच्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यातून झालेल्या सुटकेची आठवण. आणि केरळात जा, तर दिवाळीचा फारसा गाजावाजाच नाही. त्यांचा मोठा सण ओणम. आता यातली ‘खरी भारतीय’ दिवाळी कोणती? एकीला खरी म्हटले की बाकीच्या आपोआप खोट्या ठरतात. जी संस्कृती शेजाऱ्याच्या दिव्याला खोटे म्हणते, तिला संस्कृती म्हणायला माझी जीभ वळत नाही.

एका प्रांताला साऱ्या देशाचे मुखत्यारपत्र दिले म्हणजे काय होते? पहिला घाव दूरच्यांवर बसत नाही. तो सख्ख्या शेजाऱ्यावर बसतो. तुलसीदासांनी ‘रामचरितमानस’ अवधीत रचले, सूरदास व्रजभाषेत गायले, विद्यापतींची पदे मैथिलीत आहेत. पुढे दिल्ली-मेरठकडच्या खडी बोलीला प्रतिष्ठा मिळाली आणि ज्या भाषांनी संतकवी दिले त्या नुसत्या ‘बोली’ ठरल्या. १९५० साली घटनेच्या आठव्या अनुसूचीत चौदा भाषा होत्या, आज बावीस आहेत; विद्यापतींच्या मैथिलीला तिथे पाट मिळायला २००३ ची घटनादुरुस्ती उजाडावी लागली. तमिळ माणूस आपल्या भाषेसाठी दिल्लीशी उघड भांडला आणि सावध राहिला. घरातली अवधी मात्र न भांडताच ओसरीवर जाऊन बसली.

इथपर्यंत वाचून मराठी वाचक मान डोलवील. २०२५ साली आपल्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून आणणारे शासननिर्णय निघाले, तेव्हा महाराष्ट्र खवळला आणि २९ जूनला ते रद्द करावे लागले. तो राग रास्त होता. पण वाचकहो, आता मान डोलवणे जरा थांबवा. दिल्लीने केले की जो अन्याय आपल्याला बोचतो, तोच आपण आपल्या घरात करतो, त्याचे काय?

मी वऱ्हाडातला मास्तर. शालान्त परीक्षा हीच माझी शेवटची परीक्षा. त्यानंतर जे शिकलो ते मुलांकडून आणि कादंबऱ्या लिहिता लिहिता. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातली एक मुलगी कथाकथनाच्या स्पर्धेत उतरली. आजीची गोष्ट आजीच्याच तोंडची म्हणून ‘काहून’ म्हणाली, ‘मले’ म्हणाली. सभागृह हसले. परीक्षकांनी ‘भाषा अशुद्ध’ असा शेरा मारून गुण कापले. गोष्ट चांगली होती की वाईट, याबद्दल चकार शब्द नाही. परतताना एसटीत ती मला म्हणाली, “गुरुजी, आमच्या आजीले मराठी येत नाही का?” या प्रश्नाचे उत्तर त्या परीक्षकांनी द्यायला हवे.

त्यांना कोणी तरी सांगावे की मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हणून आपण ज्याचा गौरव करतो ते ‘लीळाचरित्र’ म्हाइंभटांनी तेराव्या शतकात याच वऱ्हाडातल्या ऋद्धिपुरात सिद्ध केले. आणि ज्या चक्रधरस्वामींच्या त्या लीळा, ते मुळचे गुजरातचे. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. त्यांची गाणी १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापून आली तेव्हा महाराष्ट्र चकित झाला. आज त्याच बहिणाबाई आमच्या शाळेत निबंध लिहायला बसल्या, तर वही लाल शाईने भरून जाईल. कविता पाठ्यपुस्तकात आणि कवयित्रीची भाषा कचऱ्यात, हा कुठला न्याय?

यावर उत्तर ठरलेले असते. राज्याला, राष्ट्राला काही एक समान माप नको का? पाठ्यपुस्तके छापायची, कचेऱ्या चालवायच्या, त्या छत्तीस बोलींत कशा? हा आक्षेप खोटा नाही. मीही वर्गात प्रमाण मराठीच शिकवतो आणि मुलांनी ती नीट लिहावी म्हणून आग्रह धरतो. पण नाणे आणि धान्य यांत फरक आहे. बाजारात नाणे एक असावे, हे सोयीचे. म्हणून शेतात पीकही एकच घ्यावे, असे कोणी शहाणा शेतकरी म्हणत नाही. प्रमाण भाषा ही व्यवहाराची सोय आहे. ती ज्या गावची, त्या गावाला संस्कृतीचे पाटीलपण मिळत नाही.

दुसरा आक्षेप असा की, काही प्रांतांनी इतरांपेक्षा अधिक दिले, त्यांचा मान मोठा नको का? जरूर द्या. पण त्यांनी दिले कुठून, तेही पाहा. पुण्याचा मोठेपणा कोणाचा? पेशव्यांचे मूळ पुरुष बाळाजी विश्वनाथ श्रीवर्धनचे, टिळक रत्नागिरीत जन्मलेले, आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे, न्यायमूर्ती रानडे निफाडचे. पुणे मोठे झाले ते बाहेरून आलेल्यांना पाट मांडल्याने. उत्तर प्रदेशातल्या कैरान्याचे गाणे अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरजेत आणले. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व कुंदगोळचे, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी गदगचे. ज्या कंठातून आपण विठ्ठलाचे अभंग ऐकतो, तो कंठ कन्नड मुलखात वाढला आणि त्यावर संस्कार उत्तरेच्या घराण्याचा. उलट, आज तमिळ म्हणून मिरवणाऱ्या भरतनाट्याची मांडणी ज्या चार भावांनी घडवली, ते तंजावरच्या मराठे राजांच्या, सरफोजी राजांच्या दरबारात होते. हे गाणे कोणत्या प्रांताचे आणि हे नृत्य कोणत्या? ज्याला आपण प्रांताची मिरास म्हणतो ती बहुधा शेजाऱ्यांच्या उसनवारीवर उभी असते. मग एका प्रांताने साऱ्या देशाच्या नावाने सही कशी करावी?

म्हणून मी कोणत्याही प्रांताच्या विरुद्ध नाही. माझा विरोध ‘प्रतिनिधी’ या शब्दाला आहे. प्रांत हा देशाचा घटक असतो, नमुना नसतो. नमुना कापडाच्या दुकानात शोभतो.

फराळाची ताटे पुढे असताना हा अंक आपल्या हाती पडेल. घरात कोणी सून दुसऱ्या जिल्ह्यातली आली असेल, कोणी आजी खेड्यातून आली असेल. तिच्या तोंडी एखादा शब्द असा येईल की मुले हसतील. त्या वेळी मुलांना गप्प करून तो शब्द वहीत उतरून घ्यायला सांगा, अर्थ तिलाच विचारा. आजीला मराठी येते, हे मुलांना शाळेने सांगितले नसेल, तर ते घराने सांगितले पाहिजे.