सात तासांचं फ्रँकफर्ट, एका दिवसाचं धसई

‘स्टॉपओव्हर’ हा शब्द कसला भारी वाटतो ना? एका तिकिटात दोन शहरं. बाय वन, गेट वन! लिस्बनच्या तिकिटावर फ्रँकफर्टचे सात तास फुकट मिळाले, तेव्हा मीही मैत्रिणींमध्ये भरपूर भाव खाऊन घेतला. शेंगेन व्हिसा होताच (तो नसेल तर आपल्याला विमानतळाबाहेर पडता येत नाही, लक्षात असू द्या). लोकल पकडली की पंधरा मिनिटांत मुख्य स्टेशन. म्हणजे आपलं फास्टने डोंबिवली ते ठाणे.

आणि तिथून पुढे सगळा पोपट!

एक तर रविवार. जर्मनीत रविवारी बहुतेक दुकानं कायद्यानेच बंद. शॉपिंग स्ट्रीटवर मी आणि कबुतरं. स्टेशनबाहेरच्या गल्ल्यांत नशेत झुलणारी माणसं. रोमरबर्ग चौकातली परीकथेसारखी लाकडी घरं बघून जरा बरं वाटलं, तर तीही १९८०च्या दशकात नव्याने बांधलेली. मूळची १९४४च्या बॉम्बहल्ल्यांत गेली. शेजारचं ‘जुनं शहर’ तर २०१८मध्ये पूर्ण झालंय!

भूक लागली म्हणून बेकरीत शिरले, कार्ड पुढे केलं. काउंटरवरच्या आजीने शांतपणे पाटीकडे बोट दाखवलं. फक्त रोख. ज्या शहरात अख्ख्या युरोची सेंट्रल बँक आहे, तिथे! मला हसूच आलं. कारण आठवलं ते धसई.

धसई म्हणजे माझं आजोळ. तालुका मुरबाड, जिल्हा ठाणे. नोटाबंदीनंतर तीन-साडेतीन आठवड्यांत, १ डिसेंबर २०१६ला, ते राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार आले, बँक ऑफ बडोदाची स्वाइप मशिन्स दुकानांत आली आणि मागोमाग चॅनेलवाल्यांच्या गाड्या. एका दिवसात गाव स्टार! मग काही महिन्यांनी दुसऱ्या बातम्या. नेटवर्क जातं, अनेकांकडे कार्ड नाही, व्यवहार पुन्हा रोखीतच. गाव नापास.

मामाचं तिथे किराणा दुकान. त्याला विचारलं तर म्हणाला, “अगं, पाड्यावरची बाई दहा रुपयांचं तेल घेते, तिला मशिन दाखवू का? आले ते सगळे दुपारीच परत गेले. संध्याकाळचं गिऱ्हाईक बघितलं कुणी?”

आता गंमत बघा. जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२३च्या पाहणीत तिथले ५१ टक्के व्यवहार रोखीत झालेले आढळले. पण जर्मनीला कुणी नापास करत नाही. म्हणतात, लोकांची आवड आहे, प्रायव्हसी जपतात. म्हणजे त्यांनी नोटा वापरल्या की कल्चर, धसईने वापरल्या की मागासलेपण! आणि पुढे यूपीआय रुळलं, तेव्हा मामाच्या गल्ल्याशेजारी क्यूआर कोडचा स्टिकर गुपचूप लागला. नारळ नाही, फीत नाही. तो बघायला एकही गाडी आली नाही.

तेव्हा मंडळी, स्टॉपओव्हर जरूर घ्या. फक्त वार बघून घ्या, खिशात वीस-तीस युरो सुटे ठेवा, आणि काहीच जमलं नाही तर माईन नदीच्या काठावर बसून राहा, ते फुकट आहे. आणि शहर नाही आवडलं, तर ‘फ्रँकफर्ट बकवास’ असं ठोकून देऊ नका. ‘मी तिथे रविवारी सात तास होते’ एवढंच लिहा. धसईबद्दल लिहिणाऱ्यांनी आपण किती तास तिथे होतो ते लिहिलं असतं, तर माझ्या आजोळच्या माणसांना जरा बरं वाटलं असतं.