ब्रेकला कोणतं ग्रीस, विचारा की!

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याकडे बाईक पळवता ना? गळीत हंगामात पुढची उसाची ट्रॉली अचानक थांबली, की सायलेन्सरचा आवाज कामाला येत नाही, ब्रेकच लागतो. तरी सर्व्हिसिंगला आपण पॉलिशवरून भांडतो, ग्रीसबद्दल चकार शब्द नाही! मग डिस्कब्रेकच्या कॅलिपर पिनला बरेचदा हाताशी असलेलं बेअरिंगचं ग्रीस फासलं जातं. त्या पेट्रोलियम ग्रीसनं तिथलं रबर फुगतं, पिन अडकते, एका बाजूचाच पॅड झिजतो. तिथं रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीसच हवं. तेही थापायचं नाही, पातळ थर. ड्रमब्रेकच्या कॅमला उष्णता सोसणारं, अगदी किंचित. पॅड, लायनर, डिस्कला मात्र बोटसुद्धा लागू देऊ नका. मेकॅनिकदादांना ग्रीसचा डबा दाखवायला सांगा. रागावले तर रागावू देत.