जात्यापाशी

कवीला स्फूर्ती कुठून येते, असा विषय निघाला की आमचे कविमित्र चंद्र, पाऊस आणि प्रेमभंग यांची नावे घेतात. क्वचित सिगारेटचेही! मला मात्र जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी आठवतात. जन्म १८८० चा, अक्षरओळख नाही, तरुणपणीच वैधव्य. दळताना, कांडताना, शेतात राबताना त्यांच्या ओठी गाणी येत. हात कामात गुंतलेले, मन मोकळे. आणि ताल धरायला जात्याची घरघर. मुलगा सोपानदेव स्वतः कवी. त्यांनी आणि घरच्यांनी जमतील तेवढी गाणी उतरून घेतली. १९५१ मध्ये बाई गेल्या. मग सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांपुढे ठेवली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघाले. पण वहीच नसती तर?

माझी आजीही पहाटे दळताना गायची. लहानपणी तिच्या मांडीवर डोके ठेवून मी ऐकत असे. सूर अजून कानात आहे. शब्द एकही नाही. पुढे कॉलेजात गेलो, कविता करू लागलो. सुट्टीत घरी आलो की पहाटे जाते सुरूच असे. आणि मी शेजारच्या खोलीत, कोऱ्या वहीपुढे, स्फूर्तीची वाट पाहत बसलेला!