संगणक आजारी पडत नाही

नोएडातल्या एका सोसायटीत, आठव्या मजल्यावर, काकूंच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता आणि समोर दुरुस्तीला आलेला मुलगा बसला होता. पाच मिनिटं त्याने माउस इकडेतिकडे फिरवला, मान हलवली आणि निदान सांगून टाकलं, "आंटीजी, वायरस आ गया है. फॉर्मॅट मारना पड़ेगा." काकूंचा चेहरा असा उतरला, जणू घरातल्या कुणाला ॲडमिट करायचंय. मी चहाला गेलो होतो, म्हणून मध्ये पडलो. सी ड्राइव्हमध्ये जेमतेम दोन जीबी जागा उरली होती. डाउनलोड्समध्ये नातवाच्या बारशाचे तेच ते व्हिडिओ चार-चार वेळा उतरलेले होते. जास्तीच्या प्रती काढल्या आणि लॅपटॉप पूर्वीसारखा चालू लागला. व्हायरसबियरस काही नव्हता.

माझं भांडण त्या मुलाशी नाही. त्याला कुणीतरी हेच शिकवलं असणार. माझं भांडण 'निदान' या शब्दाशी आहे. संगणक म्हणजे एक नाजूक देह, तो आजारी पडतो, त्याला जंतू लागतात, त्याला 'क्लीन' करावं लागतं आणि ते काम डॉक्टरचं, आपलं नव्हे, ही समजूत दिल्लीतल्या मराठी घरांत इतकी मुरलेली आहे की तिला समजूत म्हणायचंही कुणाला सुचत नाही. मला ती खोटी वाटते, आणि नुसती खोटी नव्हे, तर घातकी वाटते.

आधी पूर्वपक्ष नीट मांडतो, कारण तो पोकळ नाही. १९८३ साली फ्रेड कोहेन या विद्यार्थ्याने स्वतःची नक्कल करत पसरणारा प्रोग्रॅम करून दाखवला. 'व्हायरस' हे नाव त्याला सुचवलं त्याचे प्राध्यापक लेनर्ड एडलमन यांनी. १९८६ मध्ये लाहोरच्या दोघा भावांचा 'ब्रेन' आला. आपल्या सॉफ्टवेअरची चोरी होऊ नये म्हणून लिहिलेला, आत स्वतःचं नाव, पत्ता आणि फोन नंबरसुद्धा घातलेला. इतका सभ्य व्हायरस पुन्हा झाला नाही. तो फ्लॉपीवरून जगभर गेला. नव्वदच्या दशकात फ्लॉप्या हातोहात फिरायच्या आणि रोग खरोखरच स्पर्शाने यायचा. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या कैलास काटकरांनी, धाकटे भाऊ संजय यांनी लिहिलेल्या अँटीव्हायरसच्या जोरावर क्विक हील उभी केली ती याच काळात. ज्यांनी त्या दशकात संगणक शिकला, त्यांच्या डोक्यात डॉक्टर आणि औषध बसलं असेल तर त्यांचं काही चुकलेलं नाही. तेव्हा ते खरंच होतं.

पण ते औषध कधीच मुदतबाह्य झालं. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, अँटीव्हायरस विंडोजच्या आतच येतो आणि घरगुती वापराला तो पुरेसा असतो. औषध गेलं, भीती मात्र उरली. त्या भीतीचा जगातला एक मोठा धंदा उभा राहिला तो आपल्याच एनसीआरमध्ये.

२०१८ च्या ऑक्टोबरमध्ये १० आणि नोव्हेंबरच्या अखेरीला गुरुग्राम-नोएडात १६ कॉल सेंटरांवर मायक्रोसॉफ्टच्या तक्रारीवरून पोलिसांनी छापे घातले. अमेरिकेतल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या पडद्यावर अचानक लाल खिडकी उघडायची, 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा'. फोन इकडे यायचा. पलीकडचा मुलगा गोड आवाजात म्हणायचा, मी मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय. मग तो गिऱ्हाइकाला 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडायला लावायचा. ही विंडोजची रोजनिशी. अमुक सेवा वेळेत सुरू झाली नाही, तमुक प्रिंटर सापडला नाही, अशा किरकोळ नोंदी त्यात लाल आणि पिवळ्या खुणांसकट पडलेल्या असतात. धडधाकट संगणकातही त्या शेकड्यांनी सापडतात. पण ज्याला आपल्या यंत्राला जंतू लागतात असं आधीच पटलेलं आहे, त्याला त्या शेकडो लाल फुल्या पुरळासारख्या दिसतात.

याहून एक नामी युक्ती होती. 'कमांड प्रॉम्प्ट'च्या काळ्या खिडकीत 'असॉक' असं टाइप करायला सांगायचं. भराभर ओळी सरकतात आणि शेवटच्या ओळीत ८८८डीसीए६० ने सुरू होणारा एक लांबलचक क्रमांक थांबतो. "हा तुमच्या संगणकाचा खास क्रमांक, आता मी वाचतो तो जुळवून बघा," असं म्हणत पलीकडचा मुलगा एकेक अक्षर वाचून दाखवायचा. जुळायचंच! तो क्रमांक जगातल्या सगळ्या विंडोज संगणकांत तोच असतो. ज्योतिषी तुमच्या हाताला पाच बोटं आहेत असं सांगून फी घेतो, त्यातलाच प्रकार. मग शेकडो डॉलर घेऊन नसलेला रोग बरा केला जायचा. छाप्यांनी धंदा थांबला असंही नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सीबीआयने 'ऑपरेशन चक्र-२' मध्ये देशभरात ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या, तेव्हा तक्रारदारांमध्ये मायक्रोसॉफ्ट पुन्हा होतंच, जोडीला ॲमेझॉन.

इथे दिल्लीकर हसतात. "गोऱ्यांना काही कळत नाही," म्हणतात. आणि त्याच दुपारी गॅसचं बुकिंग अडलं म्हणून 'कस्टमर केअर' असं शोधून जो पहिला नंबर दिसेल तो फिरवतात. पलीकडचा माणूस "ॲनीडेस्क डाउनलोड करो जी" म्हणतो आणि ते करतात. रिझर्व्ह बँकेने याच ॲनीडेस्कबद्दल २०१९ च्या फेब्रुवारीत बँकांना सावध केलं होतं. ॲनीडेस्क हे मुळात सरळ, कामाचं सॉफ्टवेअर आहे. दुरून कुणाला आपला पडदा आणि कीबोर्ड वापरू देण्यासाठी ते केलेलं आहे. ते चोर नाही, दार आहे. दार कुणी उघडलं हा प्रश्न आहे.

फसतात ते अडाणी, हा दुसरा आवडता समज. लुधियानाचे एस. पी. ओसवाल, वर्धमान समूहाचे अध्यक्ष, यांच्याकडून २०२४ मध्ये 'डिजिटल अरेस्ट', म्हणजे व्हिडिओ कॉलवरच अटकेचं नाटक, करून ७ कोटी रुपये उकळले गेले. व्हिडिओ कॉलवर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी भरवली आणि तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांचं सोंग आणलं. याच चंद्रचूडांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी, नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला तेव्हा, मुख्य निकालपत्र लिहिलं होतं. सोंग तरी कुणाचं घ्यावं! ओसवाल अडाणी नव्हते. कारखाने चालवणारा माणूस तो. तंत्र मात्र लाल फुल्यांचंच होतं. तुला दिसत नाही असं काहीतरी भयंकर तुझ्या नावावर झालेलं आहे आणि ते निस्तरणं फक्त माझ्या हातात आहे, एवढं पटवता आलं की काम झालं. अक्कल कमी पडत नाही, भीती जास्त होते.

आता घरगुती वैद्यकीकडे वळतो, म्हणजे पुष्कळांचा राग ओढवून घेतो. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून पाच वेळा 'रिफ्रेश' मारल्याशिवाय ज्यांचं काम सुरू होत नाही, त्यांनी एकदा ऐकून ठेवावं. त्याने संगणक ताजातवाना होत नाही. डेस्कटॉपवरची चित्रं पुन्हा काढली जातात, बस. रॅम मोकळी होत नाही, वेग वाढत नाही. मी स्वतः हे माहीत असून अजून रिफ्रेश मारतो. देवळापुढून जाताना हात जोडतो तसा. त्याला माझी हरकत नाही, पण त्याला उपचार म्हणू नये. 'क्लीनर' नावाची फुकट ॲप्स मात्र निरुपद्रवी नसतात. त्यातली कित्येक घाण साफ करायला येतात आणि जाहिराती घालून जातात. सारखा पासवर्ड बदलण्याचा काढाही असाच. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेसाठी तो सल्ला २००३ मध्ये लिहिणाऱ्या बिल बर यांनी २०१७ मध्ये जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला. त्याच वर्षी त्या संस्थेनेही ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका असं लिहिलं. कारण साधं आहे. सारखं बदलायला लावलं की माणूस 'गणेश१' चं 'गणेश२' करतो.

मग संगणक म्हणजे काय? माझं उत्तर, घर. घर आजारी पडत नाही. त्याला दारं असतात, किल्ल्या असतात, कुणाला दिवाणखान्यापर्यंत येऊ द्यायचं आणि कुणाला स्वयंपाकघरापर्यंत, हे ठरलेलं असतं. हे ज्ञान आपल्याकडे आधीपासून आहे, कोर्स लावावा लागत नाही. ज्या काकूंनी घरकामाच्या बाईचं पोलीस व्हेरिफिकेशन करून घेतलं, आधारची प्रत ठेवून घेतली, त्याच काकू फोनवरच्या अनोळखी आवाजाला सगळं घर उघडून देतात. का? बाई घरात येते हे दिसतं. आवाज 'दुरुस्ती' करतो आहे असं वाटतं. डॉक्टरसमोर कुणी कुलपं लावत नाही. उपमा बदलली की हात आपोआप कडीकडे जातो.

घराच्या हिशेबाने मग बऱ्याच गोष्टी सरळ होतात. विंडोजमध्ये ॲडमिनिस्ट्रेटरचं खातं म्हणजे मालकाची किल्ली. रोजच्या वापराला साधं 'स्टँडर्ड' खातं करून घ्यावं, म्हणजे नातवाने खेळाच्या नावाखाली काही उतरवलं तरी ते मालकाच्या पासवर्डशिवाय सगळ्या घरात पसरत नाही. विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने नेहमीचा आधार देणं थांबवलं, तेव्हा नेहरू प्लेसपासून पहाडगंजपर्यंत 'आता संगणक बाद' अशी ओरड झाली. संगणक बाद झाला नाही. रोज येऊन कडीकोयंडे तपासणारा माणूस यायचा बंद झाला. नवं घर घ्या, किंवा वर्षभराची वाढीव मुदत घ्या, किंवा लिनक्स घाला. पण त्या तपासणीविना त्याच संगणकावर बँकेचे व्यवहार करत राहणं धोक्याचं, एवढाच त्याचा अर्थ. फोटोंची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. सतत जोडून ठेवलेली प्रत म्हणजे चोराला तिजोरीशेजारीच दुसरी तिजोरी. खंडणीखोर सॉफ्टवेअर दोन्हींना एकदम टाळं लावतं.

आणि पासवर्ड वहीत लिहावेत. हो, वहीत. हे वाचून पुष्कळ तरुण पोरं डोक्याला हात लावतील. पण चोर कुठून येतो ते बघा. गुरुग्रामच्या खोलीत बसलेला मुलगा तुमच्या कपाटात हात घालू शकत नाही. चार ठिकाणी एकच पासवर्ड असला आणि त्यातली एक जागा फुटली, तर उरलेल्या तिन्ही जागा त्याला मिळतात. प्रत्येक ठिकाणी वेगळा, लांब पासवर्ड आणि तो वहीत, हे डोक्यातल्या एका लाडक्या पासवर्डपेक्षा शंभर पटींनी बरं. बँकेच्या आणि ईमेलच्या खात्याला दुहेरी पडताळणी लावली की दाराला वर साखळीही लागली. ज्यांना पासवर्ड मॅनेजर जमतो त्यांनी तो वापरावा. माझा त्याला विरोध नाही.

शेवटचा आक्षेप सगळ्यात हट्टी आहे. "आमच्याकडे लपवण्यासारखं आहे काय?" मी विचारतो, मागच्या आठवड्यात झेरॉक्सवाल्याकडे आधारची प्रत कशी काढलीत? "व्हॉट्सॲप पे भेज दो भैया," तो म्हणाला आणि तुम्ही पाठवलीत. ती पीडीएफ आता त्याच्या संगणकाच्या डाउनलोड्समध्ये आहे, तुमच्या आधी आलेल्या चाळीस जणांच्या आधार, पॅन आणि भाडेकरारांसोबत. सरकारलाही हे ठाऊक आहे. २०२२ च्या मे अखेरीस आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने प्रती सरसकट वाटू नका, शेवटचे चार आकडेच दिसणारं 'मास्क्ड आधार' वापरा, असं पत्रक काढलं. दोन दिवसांत गैरसमज होईल म्हणून सरकारने ते मागे घेतलं. पत्रक गेलं, मास्क्ड आधारची सोय राहिली. ती वापरावी. लपवायला काही नसणं आणि घराची किल्ली झेरॉक्सच्या गल्ल्यावर ठेवून येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे गेलेच तर लाज बाळगत बसू नये, ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन करावा. पहिल्या तासात पैसे अजून कुठल्यातरी खात्यात अडकलेले असण्याची शक्यता जास्त असते.

काकूंना हे सगळं त्या संध्याकाळी सांगितलं. त्यांनी अर्धं ऐकलं. रिफ्रेश मारायचा नाही हे त्यांना अजिबात पटलं नाही. पण दुसऱ्या खोलीतून त्यांनी गेल्या वर्षीची, निम्मी कोरी राहिलेली डायरी आणली, चष्मा लावला, ईमेलचा नवा पासवर्ड ठरवला आणि पेन हातात धरून माझ्याकडे रोखून बघितलं.

"बघतोस काय? तोंड फिरव तिकडे. लिहितेय मी."