१ जून: डिफॉल्ट वाढदिवस

मंडळी, अकोला-अमरावतीकडच्या साठीतल्या लोकांना कागदावरची जन्मतारीख विचारून बघा. बऱ्याच जणांकडून १ जून नाहीतर १ जुलै हेच उत्तर येईल. घरात खोदून विचारलं की कळतं, जन्म पोळ्याच्या आसपासचा!

कारण सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेत नाव घालायची वेळ आली, जन्माचा कागद कोणाकडेच नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभरचा कायदाच मुळी १९६९ चा. रजिस्टरातला रकाना मात्र रिकामा ठेवायची सोय नाही. मग गुरुजींनी पोराकडे बघून वर्ष ठरवलं आणि पुढे शाळा सुरू व्हायचा महिना लावला. आपल्या भाषेत सांगायचं तर कॉलम 'नॉट नल', डिफॉल्ट '१ जून'. बदलायचं म्हटलं तर वऱ्हाडी उत्तर तयार: "मास्तरनं लेहलं थेच खरं, आता कायले बदलवता?"

आता डेटाबेसकडे येऊ. डिफॉल्टवर तिथे चिक्कार बंधनं आहेत आणि आपण प्रोग्रामर त्यावर कायम कुरकुरतो. पोस्टग्रेसमध्ये डिफॉल्टला त्याच ओळीतल्या दुसऱ्या कॉलमकडे बघता येत नाही, सबक्वेरीही चालत नाही. मायएसक्यूएलमध्ये तर ८.०.१३ (२०१८) येईपर्यंत साधी स्थिर किंमतच चालायची. अपवाद फक्त चालू वेळेचा, आणि 'डेटटाइम' कॉलमला तोही ५.६.५ पासून मिळाला. 'टेक्स्ट' कॉलमला तर डिफॉल्ट देताच येत नव्हता.

मला विचाराल तर बाकीची जाऊ द्या, पण दुसऱ्या कॉलमकडे न बघण्याचं बंधन मला आवडतं. डिफॉल्टला समोरच्या माणसाबद्दल काहीच माहीत नसतं, आणि ते तसंच असायला हवं. समजा, पिनकोडवरून जिल्हा भरायची मुभा दिली. ४४४ ने सुरू होणारे पिनकोड अकोल्यात आहेत, वाशिममध्ये आहेत आणि अमरावतीतही आहेत. कोणीतरी पहिले तीन आकडे बघून 'अकोला' टाकणार, आणि तो अंदाज टेबलात खऱ्या माहितीच्या मांडीला मांडी लावून बसणार. खरोखरच हिशोबाने निघणारी गोष्ट असेल तर जनरेटेड कॉलम आहे की! तिथे निदान उघड दिसतं की ही किंमत कोणी सांगितलेली नाही, काढलेली आहे.

पण सगळ्यात मोठा घोटाळा डेटाबेस थांबवत नाही. एकदा ओळ टेबलात गेली की ही तारीख माणसाने सांगितली की डिफॉल्टने भरली, याची खूण कुठेच उरत नाही. जो खरंच १ जूनला जन्मला, तोही त्याच गर्दीत हरवतो.

आणि याचे पैसे मोजावे लागतात. महाराष्ट्रात बहुतेक सरकारी कर्मचारी ५८ व्या वर्षी निवृत्त होतात, महिन्याच्या शेवटच्या दिवशी. जन्म १ तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटी. म्हणूनच दरवर्षी ३१ मेला निरोप समारंभांची एवढी झुंबड. ऑगस्ट १९६७ मध्ये जन्मलेला माणूस ३१ ऑगस्ट २०२५ ला निवृत्त व्हायला हवा. कागदावर १ जून १९६७ असेल तर तो ३१ मेलाच घरी. तीन महिन्यांचा पगार एका डिफॉल्टने खाल्ला!

गुरुजींना दोष द्यायचा नाही. त्यांना 'माहीत नाही' लिहायची सोयच नव्हती. आपल्याला आहे. त्याचं नाव नल. नल त्रास देतो, मान्य. तुलना बरोबरही येत नाही आणि चूकही येत नाही, रिपोर्ट बिघडतात, टेस्टिंगवाले बग टाकतात. पण नल खोटं बोलत नाही. तरीही १ जानेवारी आधीच निवडून ठेवलेले फॉर्म आपण आजही बनवतोच ना?

माझा नियम साधा आहे. यंत्राच्या स्वतःच्या गोष्टींना खुशाल डिफॉल्ट द्या: नोंदीची वेळ, 'नवीन' ही स्थिती, मोजणीचा शून्य. माणसाच्या गोष्टींना, म्हणजे जन्मतारीख, लिंग, जिल्हा, जात, यांना डिफॉल्ट नको. विचारा, नाहीतर रिकामं ठेवा. अंदाजच लिहायचा असेल तर शेजारी 'अंदाजे' असा वेगळा कॉलम द्या.

असो. सोमवारी ऑफिसात गेलात की आपल्या टेबलांतले डिफॉल्ट एकदा वाचून काढा. एखादा '१ जून' सापडेलच :)