पाच लाखांचं कार्ड आणि एक टॉर्च

दरवर्षी जानेवारीत आमच्या पुण्याच्या ऑफिसात एचआरचा मेल येतो. 'वार्षिक आरोग्य तपासणीसाठी स्लॉट निवडा.' आदल्या रात्री लवकर जेवायचं, सकाळी उपाशी पोटी जायचं. रक्त, बीपी, ईसीजी, आणि मग त्यांच्याच कॅन्टीनमध्ये फुकटची इडली. दोन वर्षांपूर्वी माझी शुगर किंचित वर आली. डॉक्टर म्हणाले, वजन कमी करा, रात्रीचं बसून काम कमी करा. मी सहा किलो कमी केलं, गोष्ट तिथंच मिटली. असली तपासणी मी स्वतःच्या खर्चानं केली असती, तरी जुन्या करपद्धतीत 80डी कलमाखाली 5000 रुपयांपर्यंत सूट मिळाली असती. म्हणजे मी आजारी पडू नये याची काळजी कंपनीही घेते आणि आयकर खातंही घेतं.

त्याच वर्षी गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्लीहून माझ्या मामूंचा फोन आला. फोन मामूंचा होता, बोलत मुमानी होत्या. मामूंना बोलता येत नव्हतं.

मामूंनी आयुष्यभर ट्रक चालवला. उन्हाळ्यात तेंदूपत्ता, बाकीचे महिने बल्लारपूरच्या पेपर मिलसाठी बांबू. जंगलातल्या रस्त्यावर रात्री झोप येऊ नये म्हणून खर्रा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाला खर्रा काय ते सांगायला नको. बाहेरच्यांसाठी एवढंच, की सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून पानठेल्यावर मिळतो, आणि चहापेक्षा जास्त वेळा खाल्ला जातो. मामूंनी तो पंचवीस वर्षं खाल्ला. शेवटची तीन-चार वर्षं त्यांचं तोंड पूर्ण उघडत नव्हतं. लग्नात ते बिर्याणीऐवजी दाल-चावल कालवून खायचे आणि आम्ही भाचे हसायचो, 'मामू, आता बोटं मोजून घास घ्या.' सगळ्यांना दिसत होतं, पण त्या तोंडात कुणी डोकावून पाहिलं नाही. जीभेच्या कडेला जखम झाली तेव्हा एका दवाखान्यात महिनोन्‌महिने लावायचं औषधच मिळत राहिलं. नागपूरला बायोप्सी झाली तोवर आजार गालातून जबड्यात गेला होता.

ऑपरेशन योजनेतून झालं. घरचा दागिना विकावा लागला नाही, कुणाकडे हात पसरावा लागला नाही. म्हणून ज्यांनी ही योजना आणली त्यांचे आभारच. पण डाव्या बाजूचा जबडा गेला. आज मामू काय बोलतात ते फक्त मुमानींना कळतं. कार्डानं आमचं घर वाचवलं. मामूंचा जबडा वाचवणं कार्डाच्या हातात नव्हतं.

हा लेख त्या फरकाबद्दल आहे.

गडचिरोलीला सरकारी आरोग्य विमा नवा नाही. 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातल्या ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात गडचिरोली होता. तीच पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. 2018 मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली आणि 2023 मध्ये राज्यानं संरक्षण कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. कार्ड काढून देणारी शिबिरं आपल्या मोहल्ल्यांतही झाली. आपल्यापैकी कित्येकांनी लॅपटॉप घेऊन बसून शेजाऱ्यापाजाऱ्यांची कार्डं काढून दिली असतील. चांगलंच केलं. पण हे कार्ड चालतं ते माणूस खाटेवर पडल्यावर. भरती व्हा, मग पैसे. बाहेरच्या बाहेर बीपी मोजणं, शुगर बघणं, तोंड तपासणं त्यात बसत नाही.

मात्र आयुष्मान भारतचे भाग दोन होते, आणि दुसऱ्याची चर्चा आपण करतच नाही. विम्याच्या आधी, 14 एप्रिल 2018 रोजी, या योजनेतलं देशातलं पहिलं आरोग्य केंद्र सुरू झालं ते छत्तीसगडच्या बिजापूर जिल्ह्यात, जांगला गावी. बिजापूर म्हणजे इंद्रावतीच्या पलीकडे, आपल्या गडचिरोलीला लागून. आज उपकेंद्रांवर आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांवर 'आयुष्मान आरोग्य मंदिर' अशी पाटी दिसते, तीच ही केंद्रं. नावावरून कुणी दचकू नये. आतलं बीपीचं मशीन कुणाचा मजहब विचारत नाही.

या केंद्रांचं एक ठरलेलं काम आहे. तीस वर्षांवरच्या प्रत्येक माणसाची बीपी, मधुमेह आणि तोंडाचा कर्करोग यांसाठी, आणि स्त्रियांची स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीही, मोफत तपासणी. बीपी-शुगर दरवर्षी, कर्करोगाची तपासणी पाच वर्षांतून एकदा. त्याआधी आशाताई घरी येऊन एक फॉर्म भरते. वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, घरात कुणाला हे आजार आहेत का, असे प्रश्न. गुण चारच्या वर गेले की त्या माणसाची तपासणी आधी. त्याच फॉर्ममध्ये आणखी दोन प्रश्न असतात. तोंड उघडायला त्रास होतो का? तोंडात दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा चट्टा आहे का?

मामूंच्या बायोप्सीनंतर मी तो फॉर्म पहिल्यांदा वाचला. ते दोन प्रश्न वाचून मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसलो. तीन वर्षं आधी कुणी हे विचारलं असतं, टॉर्च लावून तोंडात बघितलं असतं, तर?

हे नुसतं हळहळणं नाही. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडं तपासली. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झालेले दिसले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियल रुग्णालयानं दीड लाख स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी साध्या व्हिनेगरसारख्या द्रावणानं झाली, तीही डॉक्टरांनी नव्हे तर शिकवून तयार केलेल्या स्थानिक बायांनी. मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. महागडं यंत्र कुठेच नव्हतं.

तरीही आपण जात नाही. का?

एक, आपल्याला तपासणीची सवय आहे ती दुसऱ्यानं मागितल्यावर. आठवून बघा, आपल्या घरातल्या मोठ्यांची पूर्ण तपासणी आयुष्यात कधी झाली? गल्फच्या व्हिसासाठी मेडिकल लागतं तेव्हा. नाहीतर थेट हजला जाताना, फिटनेस सर्टिफिकेट लागतं तेव्हा. माझ्या अब्बांना बीपी आहे हे आम्हाला हजचे कागद करताना कळलं. म्हणजे सौदीला जाण्यासाठी शरीर धड आहे का ते बघायचं, बल्लारपुरात जगण्यासाठी नाही. तोवर ऐकायला मिळतं, 'अरे बेटा, ढूंढोगे तो बीमारी निकलेगीच.' मी सॉफ्टवेअरवाला आहे. आमच्याकडे सर्व्हर बंद पडायची वाट कुणी बघत नाही, रोज त्याची नाडी बघतो. शोधल्यानं बिघाड तयार होत नाही. तो आधीच असतो, फक्त वेळेत सापडतो.

दोन, आपल्या बायकांचं दुखणं. गडचिरोलीचं नाव या बाबतीत जगभर गेलेलं आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी इथल्या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली आणि 1989 साली 'लॅन्सेट'मध्ये ती छापून आली. 92 टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता. त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या जेमतेम आठ टक्के. त्या तक्रार करत नव्हत्या म्हणून त्या निरोगी होत्या असं नव्हतं. पस्तीस-छत्तीस वर्षं झाली, पण माझ्या ओळखीच्या किती अम्मी आणि खाला आजही म्हणतात, 'मुझे क्या हुआ है?' त्यात पुरुष डॉक्टर समोर असेल तर प्रश्नच मिटला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत, देशात 30 ते 49 वयाच्या दर शंभर स्त्रियांमागे दोघींचीही गर्भाशयमुखाची तपासणी कधी झालेली नव्हती. हा एकट्या आपल्या समाजाचा प्रश्न नाही, पण आपल्या समाजाचाही आहे.

आता दोष फक्त लोकांचा, असं म्हणून सरकारला सोडून देऊ नये. तपासणीच्या मोहिमा येतात आणि जातात. 2022 मध्ये स्त्रियांसाठी 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित', 2023 मध्ये अठरा वर्षांवरच्या पुरुषांसाठी 'निरोगी आरोग्य तरुणाईचे, वैभव महाराष्ट्राचे', 2025 मध्ये 'स्वस्थ नारी, सशक्त परिवार'. मोहिमेत आकडे भरतात, फोटो निघतात. पण शुगर वर आलेल्या माणसाला महिन्याभरानं कुणी विचारतं का, गोळी चालू आहे का? तोंडात पांढरा चट्टा दिसला त्याला पुढे कुणी पाठवलं, आणि तो पोचला का? तपासणीचा खरा उपयोग तिथून सुरू होतो. एटापल्ली-भामरागडच्या गावातल्या माणसाला 'चंद्रपूरला जाऊन दाखवा' असं चिठ्ठीवर लिहून देणं म्हणजे पुढे पाठवणं नव्हे. दिवसाची मजुरी, गाडीभाडं आणि सोबतीचं एक माणूस, एवढा त्या चिठ्ठीचा खर्च असतो. केंद्र दिवसा उघडं आणि मजूर दिवसा कामावर, हा घोळ वेगळाच.

काही जण म्हणतील, मग प्रायव्हेट लॅबचं 'फुल बॉडी' पॅकेज काय वाईट? घरी येऊन रक्त नेतात, सत्तर टेस्टचा रिपोर्ट मोबाईलवर. मीही ते केलंय, म्हणून प्रामाणिकपणे सांगतो. सरसकट सगळ्या तपासण्या केल्यानं माणसं जास्त जगतात असं दिसलेलं नाही. 2019 च्या कॉक्रेन आढाव्यात अशा 17 चाचण्यांचा, अडीच लाख लोकांचा हिशेब मांडला होता, आणि मृत्यूंवर फरक जवळपास शून्य निघाला. आपल्याला सत्तर टेस्ट नकोत. आपल्याला चार-पाच नेमक्या तपासण्या हव्यात, ज्यांवर उपाय आहे, आणि नंतर उपायापर्यंत नेणारा माणूस हवा.

म्हणून मागायचं ते नेमकं मागू या. आठवड्यातून एक दिवस केंद्र संध्याकाळी उघडं ठेवा. महिन्यातून एक दिवस स्त्री डॉक्टर किंवा प्रशिक्षित सिस्टर नक्की असेल, असं आधी जाहीर करा. पुढे पाठवलेल्या रुग्णांची यादी केंद्रावर ठेवा आणि कोण पोचलं नाही ते विचारा. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासण्या आणि उपचार मोफत आहेत, तेव्हा 'बाहेरून करून आणा' असं सांगितलं तर कारण लेखी मागा. चंद्रपूरच्या सिमेंट आणि वीज कारखान्यांत ठेकेदाराकडे काम करणाऱ्या भावांसाठी आणखी एक गोष्ट. 21 नोव्हेंबर 2025 ला लागू झालेल्या नव्या कामगार संहितांमध्ये चाळिशीपुढच्या कामगाराला वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी द्यायची आहे. पगाराच्या पावतीवर ईएसआय कापलेला दिसतो, तर ही तपासणीही विचारा.

आणि काही आपल्या हातातलं. जुम्याच्या नमाजनंतर चंदा जाहीर होतो, जनाजा जाहीर होतो. आशाताई अमुक दिवशी मोहल्ल्यात येणार आहे, हेही जाहीर होऊ शकतं. रमजानच्या महिनाभर आधी मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून गोळ्या-इन्सुलिनच्या वेळा ठरवून घ्याव्यात, त्याच निमित्तानं ज्यांना माहीतच नाही त्यांची शुगर बघता येईल. मोहल्ल्यातल्या ज्या पोरांनी कार्डं काढून दिली, त्यांनीच तीस वर्षांवरच्यांची एक वही करावी. कुणाची तपासणी झाली, कुणाची राहिली, एवढंच. कुणाला काय निघालं ते वहीत लिहायचं नाही, ते त्याच्या घरचं आहे.

तुम्ही पुण्यात, हैदराबादेत, दुबईत असाल तर ईदला घरी जालच. आई-वडिलांना मोबाईल घेऊन देतो, चप्पल घेऊन देतो. या वेळी एक सकाळ त्यांच्याबरोबर केंद्रावर जाऊन बसा. तुमचं वय तीसच्या पुढे असेल तर तुम्हीही बीपी मोजून घ्या, म्हणजे त्यांना वाटणार नाही की आपल्यालाच म्हातारं ठरवलं.

मी गेल्या ईदला गेलो. अब्बांची शुगर ठीक निघाली. अम्मींचं बीपी खूप वर होतं, गोळी सुरू झाली. परतताना आलापल्लीला मामूंकडे थांबलो. त्यांचा मोठा मुलगाही ट्रकवर आहे, गालात खर्रा. मी मोबाईलचा टॉर्च लावला आणि म्हटलं, भाई, तोंड उघड. तो हसला, टाळाटाळ केली. मामू खाटेवरून काहीतरी बोलले. मला कळलं नाही. मुमानींनी सांगितलं, 'बोल रहे हैं, खोल.'

त्यानं उघडलं. पूर्ण उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं केंद्रावर रांगेत होतो.