स्वदेशी संशोधनाची खरी कसोटी

राष्ट्राचे सामर्थ्य मोजण्याच्या रूढ कसोट्या आपल्या परिचयाच्या आहेत. सैन्य, धान्याची कोठारे, कारखाने, परकीय चलनाची गंगाजळी. या यादीत आणखी एका कसोटीची भर घालावयास हवी. देशातील सामान्य माणूस गंभीर आजारी पडतो, तेव्हा त्याला वाचविणारे साधन कोणाच्या प्रयोगशाळेत जन्मलेले असते? मोठ्या शहरातील कोणत्याही अद्ययावत रुग्णालयात दृष्टी फिरवली, तर या प्रश्नाचे उत्तर फारसे सुखावह नाही. शस्त्रक्रिया करणारे हात भारतीय, त्या हातांचे कौशल्य जगन्मान्य. परंतु हातातील साधन बहुतांशी परक्याचे.

याचा दोष एकट्या डॉक्टरांना देणे अन्यायाचे होईल. कारण वैद्यकाचे साधन ही केवळ वैद्यकाची निर्मिती नसतेच. त्यात भौतिकशास्त्र असते, धातुविद्या असते, यंत्रविद्या असते, रसायनशास्त्र असते. ही शास्त्रे एकत्र नांदली, तरच रुग्णाच्या उशाशी काहीतरी नवे पोहोचते. आपल्याकडे मात्र अभियांत्रिकी महाविद्यालय एका टोकाला, विज्ञान संस्था दुसऱ्या टोकाला आणि रुग्णालय तिसऱ्या टोकाला, अशी विभागणी दीर्घकाळ राहिली. ही कुंपणे जेथे जेथे ओलांडली गेली, तेथे काय घडले, याची काही उदाहरणे आपल्याच देशात आहेत. ती जितकी माहीत असावयास हवीत, तितकी आपल्या घराघरांत माहीत नाहीत.

मेंढीच्या हृदयातील धडा

पहिले उदाहरण तिरुवनंतपुरमचे. त्रावणकोरच्या राजघराण्याने १९७३ साली रुग्णालयासाठी एक भव्य वास्तू जनतेला अर्पण केली. त्यातून श्री चित्रा तिरुनाल संस्था उभी राहिली आणि १९८० साली संसदेच्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. परदेशातील शिक्षण पूर्ण करून परतलेले हृदयशल्यविशारद डॉ. एम. एस. वलियाथन या संस्थेचे शिल्पकार होत. रुग्णालय आणि तंत्रज्ञान विभाग एकाच संस्थेचे दोन हात असावेत, हा त्यांचा आग्रह होता.

त्यांच्यासमोरचा प्रश्न आपल्या मातीचा होता. घशाला झालेला साधा जंतुसंसर्ग दुर्लक्षित राहतो, त्यातून र्‍हुमॅटिक ताप येतो आणि तो हृदयाच्या झडपा कायमच्या निकामी करतो. हा रोग दाटीवाटीने राहणाऱ्या गरिबांचा आणि तोही कोवळ्या वयातला. कृत्रिम झडप बसविल्यास रुग्ण वाचू शकत होता. परंतु ती आयात करावी लागे आणि तिची किंमत या कुटुंबांच्या आवाक्याबाहेरची असे.

झडप बनविणे म्हणजे काय, हे थोडे समजून घेतले पाहिजे. मिनिटाला बहात्तर ठोके धरले, तरी हृदयाची झडप वर्षाला पावणेचार कोटींहून अधिक वेळा उघडते आणि मिटते. त्यात एकदाही चूक चालत नाही. धातू गंजता कामा नये, चकती झिजता कामा नये, रक्त गोठता कामा नये. चित्रा संस्थेतील डॉक्टर, अभियंते आणि पदार्थशास्त्रज्ञ यांनी हे आव्हान घेतले. एका नमुन्यात धातूचा जोड तुटला. दुसऱ्यात झीज मर्यादेबाहेर गेली. तिसऱ्यात कृत्रिम नीलमण्याची चकती वापरली, तर ती मेंढीच्या हृदयातच भंगली. चौथ्या वेळी कणखर मिश्रधातूची चौकट आणि विशेष घट्ट जातीच्या पॉलिएथिलीनची चकती असा मेळ जमला. विमानांच्या सुट्या भागांची कसून परीक्षा घेणाऱ्या बंगळूरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेचे साहाय्य झडपेच्या चाचण्यांसाठी लाभले. एका तपाहून अधिक काळ गेल्यावर डिसेंबर १९९० मध्ये ही झडप पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसविली गेली. पुढे चेन्नईच्या टीटीके उद्योगसमूहाने तिचे उत्पादन हाती घेतले आणि आजवर एक लाखाहून अधिक रुग्णांच्या हृदयात ती बसली आहे.

या कथेचा खरा नायक चौथा नमुना नव्हे. पहिले तीन अयशस्वी नमुने होत. त्या त्या वेळी कोणी हिशेबनीसाने पैसा वाया गेल्याचा शेरा मारून काम थांबविले असते, तर चौथा नमुना जन्मलाच नसता. परदेशी म्हणजे निर्दोष, हाही एक भ्रमच आहे. एका अमेरिकी कंपनीच्या झडपेतील जोड तुटून जगभर अनेक रुग्ण दगावले आणि १९८६ साली ती झडप बाजारातून मागे घ्यावी लागली. फरक देशाचा नसतो, चाचणीच्या प्रामाणिकपणाचा असतो. चित्रातील संशोधकांनी आपला दोष मेंढीच्या हृदयात पाहिला आणि तेथेच थांबून नवा आराखडा मांडला. माणसावर तो दोष येऊ दिला नाही.

अणुशक्ती रुग्णशय्येपाशी

दुसरे उदाहरण आपल्या दाराशी, नवी मुंबईतील खारघरचे. कर्करोगावरील किरणोपचारासाठी कोबाल्ट-६० या किरणोत्सारी मूलद्रव्याचा उपयोग होतो, हे ज्ञान जुने आहे. हा कोबाल्ट आपल्या अणुभट्ट्यांत तयार होतो. पण तो रुग्णावर नेमकेपणाने रोखणारी यंत्रे मात्र परदेशातून येत. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या अभियंत्यांनी टाटा स्मारक केंद्रातील डॉक्टरांच्या सहकार्याने ‘भाभाट्रॉन’ हे यंत्र उभे केले आणि या शतकाच्या पहिल्या दशकात ते खारघरच्या कर्करोग संशोधन केंद्रात कामास लागले.

या यंत्राची कल्पकता पाहण्याजोगी आहे. तालुक्याच्या गावी वीज केव्हा जाईल, याचा नेम नाही. म्हणून त्याला बॅटरीची जोड आहे. किरणांचा झोत कमीजास्त करणारी जाळी पूर्ण मिटू शकते, त्यामुळे रुग्णाच्या निरोगी अवयवांना अधिक संरक्षण मिळते. कोबाल्टची शक्ती सव्वापाच वर्षांत निम्मी होते, हे खरे; म्हणून ठरावीक काळाने तो बदलावा लागतो. अतिप्रगत यंत्रांची सूक्ष्मता यात नाही, हेही मान्य करावयास हवे. परंतु जेथे काहीच नव्हते तेथे उपचार सुरू होणे, याचे मोल त्या गावच्या रुग्णालाच विचारावे. पुढे व्हिएतनाम, मंगोलियासारख्या देशांनाही भारताने हे यंत्र भेट म्हणून दिले. घेणारा देश देणारा होतो, तो असा.

तिसरे उदाहरण तर अगदी ताजे. रुग्णाच्याच रक्तातील संरक्षक पेशी बाहेर काढून, त्यांच्यात जनुकीय बदल करून, त्या कर्करोगावर सोडण्याची उपचारपद्धती अमेरिकेत काही कोटी रुपयांच्या घरात जाते. मुंबईच्या आयआयटी आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या ‘नेक्सकार-१९’ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. परदेशातील खर्चाच्या सुमारे एक दशांशात तो उपलब्ध झाला. सामान्य कुटुंबाला तोही खर्च जडच आहे. तरीही दार किलकिले झाले, हे निश्चित.

सुश्रुताचे ऋण कसे फेडावे

येथे एक स्पष्ट गोष्ट आपल्याच माणसांना सांगावयाची आहे. प्राचीन भारतीय विज्ञानाचा अभिमान बाळगणाऱ्यांची संख्या आपल्यात मोठी आहे आणि तो अभिमान योग्यच आहे. परंतु व्यासपीठावरून सुश्रुताचे नाव घेणे सोपे. सुश्रुताने सांगितलेले करणे अवघड. सुश्रुतसंहितेत ‘योग्यासूत्रीय’ नावाचा अध्याय आहे. शिष्याने रुग्णाला हात लावण्यापूर्वी भोपळा, काकडी अशा फळांवर छेद घेण्याचा सराव करावा, अशी शिस्त त्यात घालून दिली आहे. सारे शास्त्र मुखोद्गत असले, तरी हस्तकौशल्याचा सराव नसलेला मनुष्य कर्माला अयोग्य, हा त्या अध्यायाचा आशय. भोपळ्यावरचा तो छेद आणि मेंढीच्या हृदयातील ती झडप यांत एकच परंपरा आहे. पुराव्यावाचून केलेला दावा मात्र या परंपरेत बसत नाही. तो तिचा अवमान आहे.

डॉ. वलियाथन यांचेच उत्तरायुष्य पाहावे. झडप सिद्ध करणारा हा शल्यविशारद पुढे चरक, सुश्रुत आणि वाग्भट यांच्या ग्रंथांच्या अभ्यासाला बसला, त्या तिघांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिले आणि आयुर्वेदातील संकल्पना आधुनिक प्रयोगशाळेत तपासल्या जाव्यात, यासाठी शास्त्रज्ञांना एकत्र आणले. जुलै २०२४ मध्ये ते निवर्तले. आदर आणि परीक्षा या दोन्ही गोष्टी एकाच मनात नांदू शकतात, याचा त्यांच्याहून चांगला दाखला कोणता?

आता आपली पाळी

मग अडते कोठे? पहिली अडचण द्रव्याची. आपला देश संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम ०.६४ टक्के खर्च करतो. दक्षिण कोरिया, इस्रायल हे देश त्याच्या कित्येक पट. आणि आपल्याकडील या खर्चातही खासगी उद्योगांचा वाटा निम्म्याहून कमी. २०२३ साली अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा झाला, जुलै २०२५ मध्ये एक लाख कोटी रुपयांच्या संशोधन निधीला मंत्रिमंडळाने संमती दिली. पाऊल योग्य दिशेने आहे. परंतु शासनाने तिजोरी उघडायची आणि उद्योजकांनी तयार परदेशी तंत्रज्ञान विकत घ्यायचे, हा शिरस्ता बदलला नाही तर निधी कागदावर राहील. टीटीके समूहाने दाखविलेले धैर्य अपवाद न राहता नियम व्हावयास हवे.

दुसरी अडचण काळाची. बारा-पंधरा वर्षे चालणाऱ्या कामाला तीन वर्षांच्या मुदतीचे अनुदान पुरत नाही. तिसरी अडचण मनाची. आपले रुग्णालय देशी यंत्र घेण्यास कचरते, आपला रुग्ण ‘इम्पोर्टेड बसवा’ म्हणतो, आणि आपण हुशार मुलाला संशोधनाकडे वळू देत नाही. भरघोस पगाराची नोकरी हेच त्याच्या बुद्धीचे सार्थक मानतो. सुशिक्षित मध्यमवर्गाने स्वतःला विचारावयाचा प्रश्न हाच आहे. परदेशी कापडाची होळी करणाऱ्या पूर्वजांचा वारसा सांगणाऱ्यांनी, प्रयोगशाळेत दहा वर्षे अपयश पचविणाऱ्या तरुणाच्या पाठीशी उभे राहणे हेही व्रत मानले पाहिजे.

डोळे झाकून देशी वस्तू स्वीकारा, असा याचा अर्थ नव्हे. उलट, देशी वस्तूची परीक्षा अधिक कठोर घ्यावी, तिचे निष्कर्ष उघडपणे मांडावेत आणि ती कसोटीस उतरली की मग तिच्यावर निःशंक विश्वास टाकावा. कृत्रिम झडप बसविलेल्या रुग्णाला रक्त पातळ ठेवणारे औषध आजही जन्मभर घ्यावे लागते, त्यासाठी वरचेवर रक्ततपासणीस जावे लागते. खेड्यातील शेतमजुराला ते किती कठीण जाते, हे ग्रामीण भागात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. हा प्रश्न परदेशातील प्रयोगशाळा आपल्यासाठी सोडविणार नाहीत, कारण तो त्यांचा प्रश्नच नाही. तो आपला आहे, आणि आपल्याच मुलामुलींना सोडवावा लागणार आहे.